आखूड दोरी

फौजीच्या गळ्यातली दोरी काकूने नव्हे, पलटणीने घातलेली होती, आणि काकूला खुपायचं ते हेच. नवऱ्याला दावं बांधायचंच असेल तर तो मान बायकोचा. पण ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा बाबा आधीच बांधून घेऊन बसलेला.

दोरी म्हणजे मेण चोळलेली साधी सुतळी. तिच्या टोकाला वीतभर लाकडी पट्टी, आणि पट्टीला सारख्या अंतरावर खाचा. दोरी गळ्यात अडकवायची, हात लांब करून पट्टी डोळ्यांसमोर धरायची आणि दोरी ताणली की थांबायचं. म्हणजे पट्टी डोळ्यापासून कायम तेवढीच लांब राहते. मग समोरची कुठली वस्तू कितव्या खाचेवर येते ते बघायचं आणि कागदावर तिला तिथंच बसवायचं. तोफखान्यात फौजीचं काम हेच होतं. पुढच्या टेकडीवर पोटावर पडून समोरचा मुलूख कागदावर उतरवायचा आणि कागद मागे धाडायचा. मागचे गोलंदाज डोंगराआड बसून, मुलूख न बघता, त्या कागदावरून तोफा वळवायचे.

नोकरी संपली, पट्टी राहिली. गावात येऊन फौजी रंगीत चित्रं काढायला लागला. नदी, टेकड्या, शेतं, पिठाच्या गिरणीचं धुराडं. दातांच्या डॉक्टरकडे एक, न्हाव्याच्या दुकानात दोन, बँकेच्या साहेबाच्या डोक्यावर एक मोठं. चित्रं चांगली असायची, पण त्यांत माणूस औषधाला सापडायचा नाही. न्हावी म्हणायचा, "काकू, फौजीच्या चित्रातले सगळे लोक जेवायला गेलेत का हो? परत कधी येणार?"

काकू त्याला म्हणायची, "तुझ्या दुकानात तरी कोण बसलेलं असतं?"

पण तिनेही नवऱ्याला एकदा विचारलं होतं. तो ब्रश धूत होता. म्हणाला, "माणसं काढायची नसतात. कागदावर माणूस दिसला की मागे कुणीतरी त्याच्याकडे बघतो." मग पाणी फेकून द्यायला उठला तो बराच वेळ आत आलाच नाही. काकूने पुन्हा तो विषय काढला नाही. तोंडाची फटकळ असली तरी कुठल्या दारावर थाप मारायची नाही एवढं तिला कळत होतं.

घरातलं एकच चित्र विकायचं नव्हतं. ते स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर टांगलेलं होतं. टेकडीवरच्या मोठ्या दगडावरून दिसणारं गाव, डाव्या कडेला पाण्याची उंच टाकी, मग छपरांची गर्दी, मग नदी. छपरांच्या गर्दीत एक निळा ठिपका होता, नखाएवढाही नाही. ते लेकीचं घर. कुणी विचारलंच तर काकू म्हणायची, "भिंतीला ओल आलीय, ती झाकायला लावलंय."

लेकीने ट्रक चालवणाऱ्याशी लग्न केलं तेव्हा काकू उंबऱ्यात उभी राहून, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "त्या निळ्या पत्र्याखाली माझं पाऊल पडायचं नाही." आणि पाऊल पडलं नव्हतं. लेक मात्र दर आठवड्याला यायची, आईच्या शिव्या खायची, डबा भरून न्यायची. नदीकाठच्या गल्लीत तिने घरातच शिवणाचं दुकान घातलं होतं. आता तिला दिवस गेले होते. काकूने लोकर आणून ठेवली होती, पण टोपडं विणायला घेतलं की ते उशीखाली लपवायची.

त्या वर्षी गावाची हवा बिघडली. काय बिघडलं ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. चहाच्या टपरीवरचा रेडिओ पूर्वी रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. आता टपरीवाला बातम्या लागल्या की कान लावून ऐकायचा आणि बाकीच्यांना काही सांगायचा नाही. डोंगरापलीकडचे लोक बाजाराला यायचे बंद झाले. जुना लाकडी पूल पुरात गेला होता, त्याच्या जागी नव्हे तर बराच पुढे नवा लोखंडी पूल झाला आणि त्यावरून ताडपत्री झाकलेल्या गाड्या जायला लागल्या. पुलाच्या तोंडाशी पहारा बसला. टेकडीवर कॅमेरा घेऊन चढलेल्या एका नवऱ्या मुलाला शिपायांनी बायकोसकट खाली आणलं आणि कॅमेरा ठेवून घेतला.

म्हाताऱ्या फौजीच्या रंगाच्या डब्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं.

राखाडी कोटातला माणूस आला तो भर दुपारी. चित्रं बघायची आहेत म्हणाला. काकूने पुढच्या खोलीतली सगळी चित्रं भिंतीला टेकून मांडली आणि गिऱ्हाइकाला सांगायचं ते नेहमीचं सांगायला लागली. त्याने ऐकलं नाही. सूर्यास्ताकडे ढुंकून बघितलं नाही. एकेक चित्र उचलायचा, उजेडाकडे तिरकं धरायचा आणि खालच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. तिथे रंगाखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, खाचांच्या. फौजीला त्या पुसायची कधी आठवण व्हायची नाही आणि गिऱ्हाइकांना त्या कधी दिसायच्या नाहीत. याला दिसल्या. तो हसला.

"टेकडीवरून काढलेलं एक हवंय," तो म्हणाला. "नव्या पुलासकट. एका पुस्तकासाठी."

काकूने किंमत सांगितली. घासाघीस होणार म्हणून वाढवूनच सांगितली होती. तो "चालेल" म्हणाला.

काकूला अपमान झाल्यासारखं वाटलं. किमतीवरून न भांडणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. ती काही बोलणार, तेवढ्यात त्याने फौजीला विचारलं, "मोठ्या दगडावर बसून काढता, की त्याच्या खालच्या सपाटीवरून?"

फौजीच्या हातात चहाचा कप होता. त्याने तो बशीत ठेवला तेव्हा आवाज झाला नाही. काकूच्या लक्षात आलं ते तेच. इतक्या वर्षांत त्याने कप कधी आवाज न करता ठेवला नव्हता.

"दगडावरून," तो म्हणाला.

"तेच बरं. आणि दोरी तुमची तीच ना, पलटणीतली?"

तो गेल्यावर फौजी खिडकीशी उभा राहिला. काकू म्हणाली, "काय झालं? गिऱ्हाईक आलं होतं की यम?"

"चित्र घेणारा रंग विचारतो, चौकट विचारतो. तुम्ही कुठं बसला होता हे कुणी विचारत नाही."

"मग हा का विचारतो?"

"त्याला चित्र नकोच आहे. त्याला मी पूर्वी काढायचो तो कागद हवाय. पाण्याची टाकी डोंगरापलीकडून दिसते. तिच्यापासून पूल किती खाचा उजवीकडे, एवढं कळलं की तोफ वळवता येते. पूल दिसायची गरज नाही."

काकूला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती खाली बसली. पूल, पुलाच्या अलीकडे नदीकाठची गल्ली, गल्लीत निळा पत्रा.

"नाही काढायचं," ती म्हणाली. "हात मोडला म्हणून सांगा."

त्याने तसंच सांगितलं. राखाडी कोट दुसऱ्यांदा आला तेव्हा फौजी उजवा हात फडक्यात बांधून बसला होता. कोटवाल्याने हाताकडे बघितलं, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, "बरा होईल. घाई नाही. लेक तुमची नदीकाठी राहते ना? निळा पत्रा. बाळंतपण जवळ आलंय म्हणे. अशा वेळी घरच्यांना ताप नको व्हायला."

त्याचा आवाज औषध कसं घ्यायचं ते सांगणाऱ्या माणसासारखा होता.

"ठाण्यात जाते मी," तो गेल्यावर काकू म्हणाली. "चपला कुठायत माझ्या?"

"जा. ते पहिल्यांदा विचारतील, टेकडीवर बसून चित्रं कोण काढतं? आणि ऐकणारा कुणाचा माणूस असेल ते तुला माहीत आहे? मला नाही."

काकूच्या चपला पायात होत्या. तिने त्या काढल्या.

लेक आली तेव्हा काकूने तिला सरळ सांगितलं नाही. सरळ सांगितलं असतं तर पोर घाबरली असती, नाहीतर नवऱ्याला बोलली असती, आणि ट्रकवाल्याच्या पोटात काही राहत नाही अशी काकूची खात्री होती. ती म्हणाली, "बाळंतपणाला इकडे ये. उद्याच."

"अगं, शाळेचे गणवेश शिवायला घेतलेत. घर भरलंय कापडांनी."

"घाल खड्ड्यात गणवेश."

"पोरं काय उघडी जातील शाळेत?" लेक हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आई, एक सांगू? तू ये न्यायला. माझ्या घरी. चहा घे, बस, आणि मग ने मला. लगेच येते."

"मी?"

"हो. तूच."

काकूच्या जिभेवर 'येते' आलं होतं. पण तेवढ्यात लेकीच्या तोंडावर ते हसू पुन्हा उमटलं, जिंकत आलेल्या माणसाचं, आणि काकूचं सगळं अंग ताठ झालं. "माझा शब्द म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या ट्रकचा ब्रेक नाही, लागला तर लागला," ती म्हणाली.

लेक डबा घेऊन गेली. काकू दारात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत होती. मग तिने आत येऊन खुंटीवरची दोरी काढली.

तिला खाचांचं गणित येत नव्हतं. पण तिने आयुष्यभर कपडे बेतले होते. माप आखूड झालं की अंगरखा बसत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. फौजीच्या मानेमागे, कॉलरखाली जो भाग येतो, तिथं तिने दोरीला दोन गाठी मारल्या, एकीला लागून एक, घट्ट, आणि वरून मेण चोळलं. आता चित्र चुकणार. पूल जिथे आहे तिथे चित्रात असणार नाही. गोळे कुठंतरी नदीत, वाळूत जातील, कोटवाला स्वतःच्या लोकांकडून जोडे खाईल, आणि फौजीला काही माहीत नसेल, म्हणून त्याच्या तोंडावर काही दिसणार नाही. काकू स्वतःवर खूश झाली. घरात अक्कल कुणाला आहे, हा प्रश्न तिच्यापुरता कधीच सुटलेला होता.

फौजीने हाताचं फडकं सोडलं आणि टेकडीवर जायला लागला. खोटं काढायचा प्रयत्न त्याने केला होता. ते त्याने घरी आल्यावर काकूला सांगितलं. पूल मुद्दाम भलतीकडे मांडायला त्याने पेन्सिल टेकवली, पण हात वळेना. डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, पट्टी सांगेल ते मांडायचं, हे पलटणीतल्या उस्तादाने कोवळ्या वयात त्याच्या हाडांत ठोकून बसवलेलं होतं. पट्टीने सांगितलं, त्याने मांडलं. नवा पूल त्याने टेकडीवरून आधी कधी काढलाच नव्हता, त्यामुळे पूल कुठल्या खाचेवर यायला हवा हे त्याला आठवायचं कारण नव्हतं. फक्त उजवीकडे थोडी जागा उरली. म्हातारपण आलं, असं म्हणून त्याने तिथे नदी लांबवली आणि वर आभाळ भरलं.

चित्र झालं. कोटवाला आला, खालच्या कडेवर अंगठा फिरवला, रेघा मोजल्या, पैसे ठेवले. जाताना दारात थांबून म्हणाला, "फार प्रामाणिक हात आहे तुमचा." फौजीने मान खाली घातली. काकू पदराआड हसली.

त्यानंतरचे दिवस विचित्र शांत गेले. टपरीवाल्याने रेडिओच आत नेऊन ठेवला. गल्लीतली दोन घरं रातोरात रिकामी झाली, एकाच्या दोरीवर कपडे तसेच वाळत राहिले. फौजी जेवत नव्हता. ताटावर बसायचा, घास हातात घ्यायचा आणि पुलाच्या दिशेने कान लावायचा. एका सकाळी तो म्हणाला, "मी माझ्या हाताने मारलं तिला."

काकूला आता राहवेना. तिने परातीतलं पीठ तसंच ठेवलं, हात झटकले.

"काही मारलं नाही. जेवा गपचूप. मी बंदोबस्त केलाय."

"कसला?"

"दोरी बघा तुमची. मागची बाजू. एवढे मोठे तोफखान्यातले, बायकोने दावं आखूड केलं ते मानेला कळलं नाही?"

फौजीने खुंटीवरून दोरी काढली. गाठींवरून बोट फिरवलं. काकू वाट बघत होती. शाबासकीची सवय त्या घरात कुणाला नव्हती, पण आज मिळायला हरकत नव्हती.

"कधी मारल्यास?"

"तुम्ही वर जायच्या आधी. चुकलं ना चित्र? मग?"

त्याने दाताने गाठी सोडवल्या. मग स्वयंपाकघरात गेला आणि डब्यांच्या फळीवरचं चित्र काढून परातीशेजारी ठेवलं. त्याच्या खालच्या कडेलाही तशाच रेघा होत्या, पण या पुऱ्या दोरीने घेतलेल्या.

"दोरी आखूड झाली की पट्टी डोळ्याजवळ येते," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट होता. "जवळची वस्तू मोठी दिसते, तशी खाचही रुंद होते. मग तेवढ्याच मुलखाला कमी खाचा पुरतात. सगळं टाकीकडे सरकतं. पूलसुद्धा."

"म्हणजे चुकलंच की."

"चुकलं. त्यांच्या हिशेबाने पूल बाराव्या खाचेवर आहे. मीच मांडलाय. ते टाकीपासून बारा खाचा मोजणार, पुऱ्या दोरीने." त्याने बोट टाकीवर ठेवलं आणि कडेच्या रेघा ओलांडत उजवीकडे नेलं. बाराव्या रेघेवर थांबलं. मग ते सरळ वर सरकवलं.

पीठ लागलेल्या त्या चित्रात बोट निळ्या ठिपक्यावर येऊन थांबलं.

काकूचं तोंड उघडं होतं आणि त्यात काही नव्हतं, असं तिचं जन्मात झालं नव्हतं.

"खरा पूल आणखी तीन खाचा पुढे," फौजी म्हणाला. "पुलावर कुणी उभं असेल तर ते आता सगळ्यात सुखरूप. तिला घेऊन पुलाकडे जा. मागे वळून गावाकडे येऊ नका, सगळे येतील तरी. पुलाकडे."

"आणि तुम्ही?"

तो जोडे घालत होता. "पहिला गोळा अंदाजाला असतो. तो कुठं पडला ते बघायला माणूस लागतो, नाहीतर दुसरा सुधारून पुलावर आणता येत नाही. आणि बघायला जागा एकच आहे, तो दगड. मी तिथं बसतो. मी बसलेला असलो तर दुसऱ्याला बसता येणार नाही."

"तुमच्या हातात काय आहे? ब्रश?"

"पट्टी आहे," तो म्हणाला. ही चेष्टा होती की काय, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकू पीठ भरल्या हातांनी रस्त्याने धावली. न्हाव्याने दुकानातून विचारलं, "काय काकू, काय झालं?" तिने उत्तर दिलं नाही, तेव्हा तो वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. काकूने उत्तर दिलं नाही याचा अर्थ काहीतरी भयंकर आहे, एवढं अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

निळ्या पत्र्याच्या घराला उंबरा होता, लाकडी, मधोमध झिजलेला. काकूने त्याच्याकडे बघितलंही नाही. इतक्या वर्षांचा शब्द तिने चपलेसकट ओलांडला.

लेक मशीनवर बसली होती. भोवती गणवेशांचे ढीग. तिने वर बघितलं आणि तिच्या तोंडावर आधी ते जिंकल्याचं हसू आलं, मग ती बाजूचा गणवेशांचा ढीग सारून जागा करायला लागली. "आई! आलीस तू? खरंच आलीस? बस, बस ना, मी चहा..."

"ऊठ."

"अगं पण बस तरी. एवढ्या वर्षांनी..."

"ऊठ म्हणते ना! स्टोव्ह नको पेटवू. चप्पल राहू दे. ऊठ!"

"बाबांना काही झालं का?"

तेवढ्यात हवेत काहीतरी फाटल्यासारखं झालं, लांबलचक कापड एका हिसक्यात फाडावं तसं, आणि मग जमीन हलली. खिडकीची काच मशीनवर येऊन पडली. गल्लीच्या वरच्या टोकाला, टाकीच्या बाजूला, धुळीचा खांब उभा राहिला.

"खाणीत सुरुंग..." लेक म्हणाली. पण तिलाही ते पटलं नाही.

काकूने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. गल्लीतले लोक घरांतून बाहेर पडत होते आणि सगळे वर, गावाकडे, पुलापासून दूर पळत होते. या दोघीच उलट्या निघाल्या. कुणीतरी ओरडलं, "काकू, अहो इकडे! तिकडे पूल आहे!"

"माहीत आहे मला कुठं काय आहे," काकू ओरडली. पण तिचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

लेकीला धाप लागत होती. एक हात पोटावर होता. पूल समोर दिसत होता, लोखंडी, मोकळा, पहाऱ्यावरचे शिपाई कठड्याआड आडवे झालेले. तीन खाचा. काकूला त्या खाचा पायांखाली लागल्यासारख्या वाटत होत्या, एकेक ओलांडावी लागणार होती. पहिला अंदाजाला असतो. दुसरा सुधारायला बघणारा लागतो. बघणारा नसेल तर सुधारता येत नाही. ती हे मनात म्हणत होती, पुन्हा पुन्हा, मूल झोपवताना म्हणतात तसं.

"आई, थांब जरा. नाही चालवत."

"थोडंच राहिलं. चल, माझी बाय. चल."

लेकीने दम घ्यायला मान वर केली आणि टेकडीकडे बघितलं. ऊन स्वच्छ होतं. वरचा मोठा दगड इथूनही दिसायचा, आणि त्यावर एक ठिपका होता, हात पुढे लांब करून बसलेला.

"बाबा आहेत का ते?" लेक म्हणाली. "ते काय करतायत तिथं?"

काकूने बघितलं. फौजीच्या चित्रात कधी नसायचा तो माणूस आज टेकडीवर होता. ती काही सांगणार होती. पण तेवढ्यात दगडाच्या मागच्या झुडपातून दुसरा ठिपका निघाला, राखाडी, आणि सावकाश, अजिबात घाई न करता, पहिल्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.